पोर्चमधलं वेल्डिंग : ओम्नीच्या पत्राकामासाठी मशीन निवडतानाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आधी कामांची यादी, मशीन नंतर. उलट क्रमाने गेलं की दुकानदार विकेल ते मशीन घरी येतं आणि मग त्याला शोभेल असं काम शोधत बसावं लागतं.

गाडी मारुती ओम्नी, २००८ची. डाव्या सरकत्या दाराच्या खालच्या पटरीत माती-पाणी साचून पत्रा आतून पोखरलाय. वरून रंग शाबूत दिसतो, स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो. २२ सें.मी. लांब आणि ६ सें.मी. रुंद तुकडा कापून नवा बसवायचा. मागच्या सीटखाली फरशीला दोन भोकं, मोठं वाटीच्या तोंडाएवढं. सायलेन्सरच्या फ्लँजपाशी (पाइप जोडायच्या चकतीपाशी) फट. शिवाय मोटरसायकलच्या साइड स्टँडचा कान तडकलेला आहे.

जाडी व्हर्नियरने मोजली, पण रंग आणि खालचं डांबरी कोटिंग खरवडून. न खरवडता मोजलं तर अर्धा मिलिमीटर सहज जास्त दिसतो. दाराखालचा पत्रा ०.८ मि.मी., फरशी ०.९, सायलेन्सरचा पाइप १.२, स्टँडचा कान ४.

ढोबळ हिशेब असा की एका मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर. म्हणजे निम्म्याहून जास्त काम ३०–४० अँपिअरचं. कान ४ मि.मी.चा असला तरी त्याला खाच मारून दोन थरांत ७५–८० अँपिअरवर भरता येतो. तेव्हा मशीन वरती २०० जातं का हा प्रश्नच नाही. खाली ३५ला ते स्थिर चालतं का, एवढंच बघायचं.

बजेट २५ हजार. त्यात मशीन, वायरिंग, हेल्मेट, तार, डिस्क सगळं आलं.

१४ जानेवारी, मंगळवार (संक्रांत)

तिळगूळ झाल्यावर मल्टिमीटर काढला. पोर्चमधल्या सॉकेटवर सकाळी १० वाजता २२८ व्होल्ट, रात्री ८ वाजता २०६. घराचं मंजूर लोड ३ किलोवॅट.

वेल्डिंगला किती करंट लागेल ते दुकानात जायच्या आधीच कागदावर काढता येतं. रॉडच्या वेल्डिंगचं प्रमाणित व्होल्टेज २० अधिक अँपिअरचे ०.०४ पट, मिगचं (यात रॉडऐवजी मशीन स्वतः तार पुरवतं) १४ अधिक अँपिअरचे ०.०५ पट. मिगवर ६० अँपिअर म्हणजे १७ व्होल्ट, आर्कमध्ये (वेल्डिंगच्या ठिणगीत) १.०२ किलोवॅट. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) ०.७ धरला तर घरातून साधारण ८ अँपिअर ओढले जातात. रॉडवर ७५ अँपिअरला हाच हिशेब साडेतेराच्या आसपास जातो. दोन्ही १६ अँपिअरच्या सॉकेटवर बसतात. मात्र त्याच वेळी गीझर किंवा पाण्याची मोटर चालू नको.

आता हाच हिशेब उलटा लावून बघा. रॉडवर २०० अँपिअर म्हणजे २८ व्होल्ट, म्हणजे नुसत्या आर्कमध्येच ५.६ किलोवॅट. मशीन कितीही चांगलं असलं तरी २३० व्होल्टवर २४ अँपिअरच्या खाली हे जमणार नाही. म्हणून साध्या १६ अँपिअरच्या प्लगसह मिळणाऱ्या डब्यावर मोठ्या अक्षरात '२००' लिहिलेलं असलं, तर तो आकडा रंगकामाचा भाग समजावा.

पोर्चच्या सॉकेटला १.५ चौ. मि.मी.ची वायर निघाली आणि ती बाहेरच्या दिव्यांमधून फिरून आलेली. त्यावर मशीन लावायचं नाही. डीबीपासून (घराच्या मुख्य स्विचबॉक्सपासून) १४ मीटरची स्वतंत्र लाइन ४ चौ. मि.मी. तांब्याची, २० अँपिअरचा मेटलक्लॅड सॉकेट, २० अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी). बी-कर्व्ह एमसीबी नको, कारण इन्व्हर्टर, म्हणजे हलकं इलेक्ट्रॉनिक, मशीन चालू करताना आतले कपॅसिटर क्षणभर मोठा करंट ओढतात आणि बी-कर्व्ह त्यालाच पडते. अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घेतलं. बाकी सगळं पुढे ढकलता येईल, हे नाही.

१८ जानेवारी, शनिवार

इंदूरचा सियागंज बाजार. सकाळी ११च्या आधी गेलं तर दुकानदाराला मशीन उघडून दाखवायला वेळ असतो, नंतर गाड्या लावायलाही जागा नाही.

चार प्रकार पाहिले. तांब्याच्या वाइंडिंगचं जुन्या पद्धतीचं ट्रान्सफॉर्मर मशीन: दणकट आहे, पण दोन माणसांनी उचलायचं, आणि पातळ पत्र्यावर उपयोग नाही. रॉडवर चालणारं इन्व्हर्टर एआरसी २००: चार-पाच किलो, ६ ते ९ हजार. बिनगॅसचं मिग, ज्यात फक्त फ्लक्स (गॅसचं काम करणारी पूड) भरलेली तार चालते: ११ हजारांपासून पुढे. आणि गॅस, बिनगॅस, रॉड तिन्ही चालणारं मिग: १४ ते १९ हजार. अठरा टक्के जीएसटी धरून की सोडून, हे प्रत्येक भावाला विचारायचं.

काउंटरवर मशीन उलटं करून मागची प्लेट वाचली. त्यावर तीन गोष्टी हव्यात. ड्यूटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांपैकी किती मिनिटं चालेल, कोणत्या अँपिअरवर. ती ४० अंश तापमानाला मोजलेली असते, इंदूरच्या मेमध्ये पोर्चमध्ये त्याहून जास्त असतं, तेव्हा थोडी कमीच धरावी. दुसरं, मुख्य लाइनमधून कमाल किती करंट ओढतं. तिसरं, किमान अँपिअर. एका डब्यावर या तिन्हीपैकी एकही नव्हतं. दुकानदार म्हणाले, "भैया, दो सौ का है, आप टेंशन मत लो."

१६० अँपिअरला ६० टक्के लिहिलेलं मशीन न थांबता किती देईल ते काढायचं तर १६०ला ०.६च्या वर्गमुळाने गुणायचं. सुमारे १२४ येतात. पत्राकामाला ते पुरून उरतं.

मिग घेताना टॉर्चही (तार बाहेर सोडणारी हातातली बंदूक) बघा. मशीनलाच कायमचा जोडलेला टॉर्च स्वस्त पडतो, पण लायनर (तार सरकते ती आतली नळी) घासला की मशीन उघडावं लागतं. युरो कनेक्टर आणि १५ नंबरचा टॉर्च असेल तर एम-६ आट्याच्या टिप्स, नोझल कुठेही मिळतात.

२५ जानेवारी, शनिवार

मिगवर पैसे घालण्याआधी स्वस्त पर्याय नापास होतो का ते पाहायचं होतं. ओळखीच्या डेंटर उस्तादांचं एआरसी २०० दिवसभरासाठी आणलं. ०.८, १.२ आणि ३ मि.मी.चे १० सें.मी.चे तुकडे, प्रत्येकी सहा.

बाजारात रॉड नंबराने मागतात: दहा नंबर म्हणजे ३.१५ मि.मी., बारा नंबर म्हणजे २.५, चौदा नंबर म्हणजे २. तिन्ही ६०१३ या जातीचे घेतले.

३ मि.मी.वर बारा नंबर, ७५ अँपिअर: उत्तम. स्लॅग (जोडावरची खपली) स्वतःहून सुटला. १.२वर चौदा नंबर, ४५ अँपिअर: टाके नीट बसले, सलग ओढलं की दुसऱ्या सेंटिमीटरला भोक. ०.८वर चौदा नंबर, ३५ अँपिअर: एक तर रॉड चिकटतो, नाही तर पत्रा जातो. मधली जागाच नाही. सहापैकी पाच तुकड्यांना भोकं, सहाव्यावर नुसता वर बसलेला थेंब, छिन्नी लावली तर निघून आला.

कारण साधं आहे. रॉड पेटवायला जी उष्णता लागते तीच या पत्र्याला जास्त होते, आणि रॉड संपेपर्यंत हात आणि पत्रा यांच्यातलं अंतर बदलत राहतं. मिगमध्ये तार मशीन पुरवतं आणि बटण सोडलं की उष्णता थांबते. उस्ताद चौदा नंबरने ओम्नीची फरशी जोडतात हे खरं, पण त्यांचा हात वीस वर्षांचा आहे. त्याचा भाव मशीनच्या किमतीत धरता येत नाही.

फक्त सायलेन्सर, कॅरिअर, स्टँड, ट्रॉली एवढीच कामं असतील तर एआरसी २०० घ्यावं आणि उरलेले पैसे हेल्मेटवर घालावेत. बॉडीचा पत्रा आला की नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही चालणारं मिग घेतलं, जीएसटीसह १४,८००. किमान ३० अँपिअर, ड्यूटी सायकल ६० टक्क्यांना १४० अँपिअर. निव्वळ बिनगॅसचं घेतलं असतं तर तीनेक हजार वाचले असते, पण फ्लक्सच्या तारेची आर्क ०.८ पत्र्याला गरम पडते. उघड्यावर आणि वाऱ्यात मात्र तीच उपयोगी.

हेल्मेट आपोआप गडद होणारं, शेड (काचेच्या गडदपणाचा नंबर) ९ ते १३. ४०–८० अँपिअरला १० पुरते. उन्हाळी गॉगल लावून 'फक्त दोन टाके' मारायचे नाहीत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं लगेच होत नाही, काही तासांनी, बहुतेक रात्री झोपल्यावर होतं. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टरला ठिणगी लागली की वितळून कातडीला चिकटतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

बिनगॅसची ०.८ तार, एक किलोचं रीळ. पहिल्या ओळीलाच छर्रेच छर्रे. जोड फुगीर, आत शिरलेलाच नाही, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा वर बसलेला. अँपिअर वाढवले, कमी केले, तेच.

दोष मशीनमध्ये नव्हता. आत झाकणाखाली टॉर्चची केबल धन टोकाला जोडून आली होती. फ्लक्सच्या तारेला टॉर्च ऋणावर आणि अर्थ क्लँप (पत्र्याला लावायचा चिमटा) धनावर लागतो, गॅसवरच्या भरीव तारेला उलटं. दोन नट सोडून अदलाबदल केली आणि तीच तार तेलावर चालल्यासारखी चालायला लागली. नवीन मशीन आल्यावर सर्वांत आधी हे झाकण उघडा.

दुसरी अडचण: रोलरपाशी तारेचा गुंता. मशीनसोबत आलेला रोलर गुळगुळीत व्ही खाचेचा, भरीव तारेचा. फ्लक्सची तार आतून पोकळ आणि मऊ असते, रोलर निसटतो म्हणून दाब वाढवला की ती चपटी होऊन लायनरमध्ये अडते. तिला दातेरी खाचेचा रोलर हवा. दाब असा ठेवायचा की टॉर्चमधून येणारी तार लाकडाच्या फळीवर टेकवली तर वाकत बाहेर येत राहावी, हातमोज्याच्या चिमटीत धरली तर रोलर घसरावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

गॅस. निव्वळ कार्बन डायऑक्साइड घेतला, ७ किलोचा सिलिंडर अनामतीवर. आर्गॉनच्या मिश्रणाने जोड गुळगुळीत येतो, छर्रे कमी, पण महाग. पत्रा पुढे घासून रंगवायचाच आहे.

हा गॅस सिलिंडरमध्ये द्रवरूप असतो, म्हणून तो संपत येईपर्यंत मीटरचा काटा जवळपास जागचा हलत नाही. किती उरला ते वजनाने कळतं. सिलिंडर काट्यावर ठेवून भरलेलं वजन खडूने लिहिलं. एक किलोचे साधारण ५४० लिटर होतात. मिनिटाला १० लिटरने ७ किलो म्हणजे सहा तासांहून जास्त आर्क. सिलिंडर कायम उभा आणि भिंतीला साखळीने बांधलेला. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये येतो.

भरीव तार ०.८ मि.मी., ईआर ७०एस-६ जातीची, ५ किलोचं रीळ. पातळ पत्र्याला ०.६ जास्त बरी, पण सियागंजात दोन दुकानांत विचारून मिळाली नाही. तुकड्यांवर चाचणी करून हे पक्कं झालं: ०.८ पत्र्याला १५.५ ते १६ व्होल्ट, ४० अँपिअरच्या आसपास, प्रवाह ८–१० लिटर, टिपेबाहेर तार ८ मि.मी. आवाज तेलात मोहरी तडतडते तसा एकसारखा यायला हवा. फट्-फट् थांबत आला तर तार कमी, टॉर्च हाताला मागे ढकलू लागला तर तार जास्त.

पोर्चमधला पंखा चालू ठेवून एक ओळ मुद्दाम मारली. जोड जाळीदार इडलीसारखा. गॅस उडून गेला होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाडीची तयारी. या दिवशी एकही टाका मारलेला नाही, आणि वेळ सर्वांत जास्त हाच गेला.

बॅटरीची दोन्ही टोकं सोडून बॅटरी बाहेर. सीट, मॅट, दाराची रबरं, वायरिंगचा हार्नेस बाजूला. पेट्रोलची टाकी उतरवून अंगणाबाहेर. टाकीजवळ 'ओलं फडकं टाकून' वेल्डिंग करणारे असतात, त्यांचं बघून करू नये. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, तिच्यात वाफ असते.

कापताना गंजलेल्या भागाच्या पुढे २ सें.मी. चांगल्या पत्र्यापर्यंत गेलो. गंजाच्या काठाला जोड लावला तर आर्क पुढे पळते आणि भोक वाढत जातं. डांबरी कोटिंग दोन्ही बाजूंनी ५ सें.मी. खरवडलं. ग्रीस पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नये: क्लोरिन असलेल्या क्लीनरचा अंश आर्कखाली आला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. थिनरने पुसून पूर्ण वाळू दिलं, डबा घरात ठेवला.

नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे ०.९ मि.मी.चा, सीआरसी (जस्ताचा मुलामा नसलेला). जीआय पत्रा स्वस्त मिळतो, पण त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर होतो, ताप आणतो आणि जोडात छिद्रं पाडतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पत्रा.

२ मार्च, रविवार

पटरीचा तुकडा. खालच्या कडेला जिथे मूळ स्पॉट वेल्ड होते तिथे नव्या पत्र्याला पंचने ६ मि.मी.ची भोकं, ३० मि.मी. अंतराने. भोकाच्या मध्यावर तार टेकवून खालचा पत्रा वितळवायचा, मग गोल फिरवत भोक भरायचं, सव्वा सेकंद. वरच्या कडेला समोरासमोर जोड, तारेच्या जाडीएवढी फट ठेवून.

जोडाच्या मागे तांब्याची पट्टी धरली. एसीच्या पाइपचा तुकडा हातोड्याने चपटा केला की झाली. तांबं उष्णता ओढून घेतं आणि लोखंड त्याला चिकटत नाही, त्यामुळे भोक पडायचं थांबतं. एवढ्या एका पट्टीने वाया जाणारे टाके जवळपास बंद झाले.

टाके सलग मारले नाहीत. एक डाव्या टोकाला, एक उजव्या, एक मध्ये, मग त्यांच्या मधोमध. प्रत्येक टाका एक सेकंदाचा, आणि पत्र्याला हात लावता येईपर्यंत पुढचा नाही. २२ सें.मी.ला दीड तास. घाई केली असती तर पत्रा पापडासारखा फुगला असता आणि दार पटरीत अडकलं असतं.

अर्थ क्लँप जोडापासून १५ सें.मी.वर, उघड्या पत्र्यावर. दाराच्या रोलरवर किंवा बिजागरीवर लावला तर करंट त्यातून जातो आणि रोलर खड्डे पडून खडखडायला लागतो.

दुपारी फरशीच्या भोकाला ठिगळ लावताना आतून धूर. मागच्या बाजूचं कोटिंग एका कोपऱ्यात राहून गेलं होतं आणि टाका मारून काही मिनिटांनी ते सुलगलं, टाका मारताना नाही. पाण्याची बादली आणि फडकं हाताशी होतं. काम संपल्यावर तासभर गाडी सोडून जायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी मागून हात फिरवला.

९ मार्च, रविवार

चाचणीच्या तुकड्यावरचे भोक-टाके छिन्नीने उचकटले. चार टाक्यांनी खालच्या पत्र्याचा गोळा उपटून आणला, म्हणजे पक्के. एक स्वच्छ सुटला. मुद्दाम गार मारलेला तोच होता. गाडीवरच्या संशयास्पद दोन टाक्यांना ड्रिल मारून पुन्हा भरलं.

सायलेन्सर उतरवून फ्लँज जोडली, काही विशेष नाही. स्टँडचा कान मशीन रॉडवर ठेवून केला: तडा ग्राइंडरने खाच करून उघडला, तड्याच्या टोकाला ३ मि.मी.चं भोक, बारा नंबर ६०१३, ७५ अँपिअर, दोन थर. मोटरसायकलवरून सुटा करून, बाकावर. गाडीला लागलेला असताना नाही.

सिलिंडर वजन केला तर गेल्या रविवारपासून, काहीही न करता, ३०० ग्रॅम कमी. साबणाचं पाणी लावलं. नळीच्या क्लिपपाशी बुडबुडे. क्लिप बदलली. आता काम झालं की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग नळी रिकामी.

काय जोडायचं नाही ते इथेच लिहून ठेवतो: स्टीअरिंगचे भाग, चाकाची रिम, सीटबेल्टचे बोल्ट बसतात ती जागा, आणि नव्या गाड्यांचे दारामधले खांब. ते खास उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात, तापले की ताकद जाते, वरून जोड सुंदर दिसला तरी.

१९ मार्च, बुधवार (रंगपंचमी)

सगळं इंदूर गेरेसाठी (रंगपंचमीच्या मिरवणुकीसाठी) राजवाड्यावर. बाजार बंद, तेव्हा वाळवायचं काम. जोड फ्लॅप डिस्कने घासले, पण पत्र्याच्या पातळीपर्यंतच. त्याच्या खाली गेलं की जोडच कापला जातो. झिंक प्रायमर, मग सीम सीलर (सांधे बुजवणारा लेप), मग खालून कोटिंग. पटरीच्या पोकळीत नळीने मेण. आतली बाजू रंगवता येत नाही आणि गंज तिथूनच येतो.

२३ मार्च, रविवार

हिशेब. मशीन १४,८००, लाइन आणि स्विच २,९००, हेल्मेट १,५००, हातमोजे आणि चामडी एप्रन ६५०, रेग्युलेटर १,७००, दोन्ही तारा १,४३०, टिप्स-नोझल ३२०, डिस्क आणि ब्रश ७००, गॅस ६००. एकूण २४,६००. सिलिंडरची अनामत ४,००० वेगळी, ती परत मिळते.

टिप्स अंदाजापेक्षा जास्त लागल्या, पाच. तार टिपेलाच चिकटून वितळते, विशेषतः टॉर्च फार जवळ नेला की. दहाचं पाकीट घेऊन ठेवावं.

दार लावून पाहिलं, एका बोटाने सरकतं. उजव्या पटरीत स्क्रूड्रायव्हर अजून आत जात नाही. तिथली पाणी निघायची तिन्ही भोकं मातीने बुजलेली होती, ती तारेने मोकळी केली. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर पुन्हा टेकवून बघायचं.